चिलटांचं गाऱ्हाणं

पिकून सडलेल्या केळ्यावर ती बारीक, लाल डोळ्यांची चिलटं घोंघावतात ना, त्यांच्यावर माझं पोट चालतं. बाकीचे त्यांना हाताने हाकलतात. मी त्यांना बाटलीत भरते, खाऊ घालते, त्यांची लग्नं-बारशी बघते आणि हवा तापत गेली तर त्यांच्या पुढच्या पिढ्या कशा बदलतील ते तपासते. हे ऐकलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग हमखास विचारतो, "आणि याचा पगार देतात?" देतात, बाबा. रडतखडत देतात, पण देतात.

तो पगारही गेल्या उन्हाळ्यात धोक्यात आला होता. माझी नोकरी कराराची. पावसाआधी काही ठोस हाती लागलं नाही तर करार वाढणार नाही, असं आमच्या विभागाच्या मॅडमनी चहा पाजून गोड शब्दांत सांगितलं होतं. चहा पाजून सांगितलेली गोष्ट नेहमी वाईटच असते. मग मी बाटल्या, पेटी, भिंग सगळं गाडीत भरलं आणि तारकर्लीला आतेकडे येऊन थडकले. किनाऱ्यावरची चिलटं किनाऱ्यावरच्याच दमट हवेत तापवून बघायची, असा बेत होता.

आते म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. माडांच्या बागेत तिचं घर, पर्यटकांना द्यायच्या दोन खोल्या आणि हाताला अशी चव की एकदा उतरलेला माणूस दर वर्षी येतो. माझं सामान बघून तिने कपाळावर हात मारला.

"काय गो ह्या? एवढा शिकलंस ता चिलटां पाळूक?"

"पाळूक नाय, आते. अभ्यास करूक."

"माझ्या गिऱ्हाइकांच्या ताटात जर एक जरी पडला मां, तर तुझोच अभ्यास घेतलंय म्हणान समज!"

एवढं बोलून तिने मागची खोली झाडून दिली. चिलटांसाठी मी मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट शिजवत असे. त्याचा वास इतका फक्कड सुटायचा की पुण्याहून आलेल्या एका गृहस्थांनी कोकणी पदार्थ समजून बशीच पुढे केली. मी वाढायला तयार होते. आतेने डोळे वटारले म्हणून ते वाचले.

काम तसं सोपं होतं. मिठबावच्या आंब्याच्या बागेतून धरून आणलेल्या चिलटांचे मी दोन गट केले. एक गट गार खोलीत आरामात. दुसऱ्या गटाला रोज भर दुपारी बल्ब लावलेल्या पेटीत तापवायचं. बहुतेक मरायची. जी वाचतील त्यांचीच अंडी पुढे न्यायची, त्यांच्या पोरांना पुन्हा तापवायचं. असं पिढ्यानपिढ्या केलं की ऊन सोसणारी चिलटं तयार होतात का, हे बघायचं. यात मरणं महत्त्वाचं. कोणीच मेलं नाही तर निवड कसली आणि उत्क्रांती कसली! पेटी लावून मी दुपारी आणखी चिलटं धरायला बागांमधून भटकायची आणि उन्हं कलल्यावर परत येऊन वाचलेली मोजायची.

आणि काय सांगू, चमत्कार सुरू झाला! पहिल्या पिढीत जेमतेम काही वाचली. पुढच्या पिढीत जास्त, त्यापुढच्या पिढीत त्याहून जास्त. शेवटी शेवटी तर मी पेटी उघडावी आणि आतली सगळी मंडळी टुणटुणीत! मी खोलीत एकटीच नाचले. आतेला मिठी मारली. तिने मला बाजूला सारत "चिलटांचो वास येता गो तुका" म्हटलं, तेही गोड लागलं. मॅडमना फोन करून सांगितलं की किनाऱ्यावरची चिलटं माझ्या डोळ्यांदेखत उन्हाला सरावली आहेत. मॅडम म्हणाल्या, "पुन्हा एकदा करून बघा आणि या घेऊन." त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदाच माझ्याबद्दल आदर ऐकला.

दुसऱ्याच दिवशी बागेत इतकं उकडलं की मी लवकर परतले. आते दुपारी कलिंगड विहिरीत गार करायला सोडते, हे मला ठाऊक होतं. घशाला कोरड पडलेली. मी सरळ विहिरीवर गेले आणि दोर ओढू लागले. बालदी फारच हलकी लागली. वर आली तर आत कलिंगड नाही, झाकण लावलेला स्टीलचा डबा. डब्यात, फडक्यात नीट गुंडाळून ठेवलेल्या, माझ्या पेटीतल्या बाटल्या. आत चिलटं मजेत.

मी अशी किंचाळले की माडावरचे कावळे उडाले.

आते पडवीतून धावत आली. बघितलं, आणि चेहऱ्यावर ना भीती ना लाज! उलट कमरेवर हात ठेवून माझ्यावरच चढली. "मग काय करतलंय? थयल्या बाटल्ये तू गार खोलीत ठेवतंस आणि ह्येंका उकडतंस? ह्येंनी काय पाप केलानी? माझ्या घरात असलो पंक्तिप्रपंच चलाचो नाय!"

"कधीपासून चाललंय हे?"

"सुरवातीक वायच उशिरा काढी, तू येवच्या आदी परत पेटीत ठेवी. मगे माकाच बघवेना."

म्हणजे पिढ्यानपिढ्या वाढत गेली होती ती चिलटांची सहनशक्ती नव्हे, आतेची माया. मी पायरीवर बसले आणि रडले. सरळ भोकाड पसरलं. नोकरी गेली, मॅडमना काय तोंड दाखवू, सगळं सगळं ओकून टाकलं. आते शेजारी येऊन बसली. नोकरीचं तिला मी कधी बोललेच नव्हते. तिने विचारलं, "पयल्यापासून केलंस तर जमात?"

"जमेल, कसंबसं. पण त्यांना मरू द्यावं लागेल."

"मगे आधी देवाक सांगूक होया. न विचारता माझ्या घरात जीव मारूचे नाय."

आमच्याकडे कुठलंही काम काढायचं तर आधी देवळात गाऱ्हाणं घालतात. गावातला जाणता मानकरी नारळ धरून देवाला सगळी हकिगत सांगतो, मागणं मागतो, आणि जमलेली मंडळी एका सुरात हुंकार देतात. हुंकार मिळाला की काम पक्कं. मी शास्त्रज्ञ आहे, मला हे पटत नाही वगैरे मी आतेला सांगून बघितलं. "गप ऱ्हव" एवढंच उत्तर मिळालं.

सकाळी देवळात चांगलीच माणसं जमली. चिलटांचं गाऱ्हाणं कोण चुकवतो? म्हाताऱ्या मानकऱ्याने घसा खाकरून सुरुवात केली. होड्यांका भरपूर मासळी लागांदे, रे म्हाराजा. "व्हय म्हाराजा!" आंब्याक बरो भाव येवंदे. "व्हय म्हाराजा!" पर्यटक येवंदेत आणि दारू पिऊन समुद्रात न जावंदेत. "व्हय म्हाराजा!" देऊळ दणाणलं. मग माझ्याकडे बघून तो म्हणाला, "आणि ह्या आमच्या चेडवाची जी काय चिलटां आसत, त्येंतली मरतली ती मरांदेत, उरतली ती ऱ्हवांदेत, रे म्हाराजा!"

कोणी बोलेना. रोज टोपल्या भरभरून बांगडे आणणारी ती माणसं, पायाची बोटं बघत उभी! मला असा संताप आला. अरे मेल्यांनो, तुमच्या दुपारच्या जेवणात काय असतं? मग वाटलं, मीच म्हणते, काम माझं आहे. तोंड उघडलं. आजवर अगणित चिलटं मी भिंगाखाली घेऊन मारली होती, त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. पण देवासमोर त्यांच्या मरणाला हो म्हणायची वेळ आली आणि ते दोन शब्द मला म्हणवेनात. मानकऱ्याचा नारळ तसाच हातात राहिला.

"व्हय म्हाराजा."

आते होती. एकटीच, खणखणीत आवाजात. मग पदराने डोळे पुसून, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "चल आता, दुपार होयत इली. पेटी तापवूची आसा मां?"