सामंत आजोबांच्या कानातले खडे

खरं तर हे कुणाला सांगायचं नाही, असं आईने बजावलंय. पण रोज एक-दोन किस्से साठतात. माझ्या गणिताच्या वहीची मागची पानं भरलीसुद्धा! आई नोएडात कान-नाक-घशाची डॉक्टर आहे. शाळा सुटली की मी तिच्या क्लिनिकच्या कोपऱ्यात होमवर्क करत बसते. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे मला ऐकूही येत नसावं, असा पेशंट्सचा समज आहे. नावं बदलली आहेत. बाकी सगळं खरं.

*

चक्कर येणारा माणूस निदान घरूनच करून येतो. एक आंटी म्हणाल्या, "गैस सिर में चढ़ गई है!"

आईने समजावलं, की आतल्या कानात तोल सांभाळणारे बारीक खडे असतात. ते सुटून भलत्या नळीत गेले, की कूस बदलताच खोली फिरते.

आंटी ताडकन उठून बसल्या. "तो निकालके दे दो, डॉक्टर! पंडितजी से पूछ लूँगी, कौन सी उँगली में पहनूँ!"

*

सामंत आजोबांचेही खडेच सुटले होते. आजोबा केंद्र सरकारातून रिटायर झालेले, आमच्याच सोसायटीत एकटे राहतात. त्यांचा मुलगा आदित्यदादा गुरुग्रामला एकोणिसाव्या मजल्यावर, तोही एकटाच. त्याने जाहीर केलं होतं, "आणखी एकदा चक्कर आली, की तुमच्या फ्लॅटला कुलूप. माझ्याकडे यायचं." आजोबांना आपलं घर आणि पत्त्यांचा अड्डा सोडायचा नव्हता.

त्यांनी आईपुढे चक्क फाइल ठेवली. "विषय: चक्कर. डाव्या कुशीवर वळताना, अर्धा मिनिट. योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर."

आईने त्यांना आडवं केलं, मान टेबलाबाहेर झुकवली, हळूहळू दुसरीकडे वळवली आणि उठवून बसवलं.

"झालं?" आजोबा म्हणाले. "एवढ्या लवकर माझी एकही फाइल निकालात निघाली नव्हती!"

*

एका आयटीवाल्या भैयाच्या तोलाच्या नसेला सर्दी-तापानंतर सूज आली होती. सगळं गरगरत होतं, तरी बाकावर आडवं पडून मीटिंग चालूच. बॉसने विचारलं, "कौन सी स्लाइड देख रहे हो?"

"सर, सारी. एक साथ."

*

जोशीकाकूंना चक्कर, कानात शिट्टी आणि ऐकूही कमी. आतल्या कानातलं पाणी वाढलं होतं. आईने मीठ कमी करायला सांगितलं. पंधरा दिवसांनी काकू ऐटीत आल्या. "मीठ एकदम बंद!"

"अरे वा! मग जेवण जातं?"

"न जायला काय झालं? घासागणिक लोणचं घेते ना!"

*

महिन्याभराने आदित्यदादा स्वतः आजोबांना घेऊन आला. मान आखडलेली, तिला डॉक्टरी पट्टा. "लॅपटॉपमुळे सर्व्हायकल, मानेचे मणके," म्हणाला.

आईने आजोबांना झोपवून तपासलं. डोळे स्थिर, चक्कर नाही. दादाला पटेना. "नुसती मान वळवून कुणी बरं होतं का, यार? बाबा लपवतायत. मी गाडी घेऊनच आलोय."

"मग तूच झोपून बघ," आजोबा म्हणाले.

दादाने पट्टा काढला. आईने त्याची मान उजवीकडे वळवून खाली झुकवली मात्र, त्याचे डोळे भिरभिरायला लागले! टेबल दोन्ही हातांनी गच्च धरून तो ओरडला, "बाबा!"

आजोबांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. "घाबरू नकोस, बाळा. पण आता एकोणिसाव्या मजल्यावर एकटं राहायचं नाही. चल माझ्याकडे."

त्यावर दादा पडल्या पडल्याच म्हणाला, की... आले, आले! आई हाक मारतेय, आणि हे पान तिच्या हाती लागलं तर...