लाल न छापलेली तारीख

“देवाने एकही तारीख लाल शाईत छापलेली नाही,” असं तो एकदा चर्चच्या पाळकांना तोंडावर म्हणाला होता, तेही स्वतः छापलेल्या कॅलेंडरांचा गठ्ठा त्यांच्या हातात देताना.

पाळक हसले. “म्हणजे जगाला सुट्ट्या वाटायच्या आणि स्वतः यंत्राला जुंपून घ्यायचं!”

तो छापखानेवाला. नाताळ नाही, ईस्टर नाही. सण पाळायची आज्ञा शास्त्रात कुठे आहे ते दाखवा, म्हणायचा. प्रभू उठला तो उठलेलाच आहे. त्याला दरवर्षी नव्याने कशाला उठवता? त्याच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. बायकोने तो नाद केव्हाच सोडला होता. सणाला ती मुलीला घेऊन चर्चला जायची, तो छापखान्यात. बरं चाललं होतं.

मुलगी वारली आणि बिनसलं. भांडण झालं नाही. पण बाकावर शेजारी कुणीच नाही, आणि पुनरुत्थानाचं गीत सुरू झालं की बायको पुस्तक मिटून खाली बसायची. यंदा तो शेजारी उभा राहिला नाही, तर आपणही पुन्हा तिकडे पाऊल टाकायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं होतं. बोलली मात्र नव्हती.

स्वयंपाकघरातलं कॅलेंडर अर्ध्या छपाईचं होतं. कागद आधी काळ्या शाईतून जातो, मग लाल. घरच्या कागदाला त्याने लाल लागूच दिलं नव्हतं. “आपल्याकडे सगळे दिवस सारखे!” पण लाल तारखांची जागा काळ्या साच्यात मोकळीच सोडलेली असते. हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा कागद भिंतीवर चढला होता, आणि चढवलेलं उतरवणं त्याच्या रक्तात नव्हतं. रविवार कोरेच राहिले. ती गुपचूप पेन्सिलीने आकडे भरायची.

ईस्टरच्या सकाळी त्याने छापखान्याची किल्ली खिशात टाकली आणि भिंतीकडे पाहिलं.

“आजचा आकडा नाही घातलास?”

“नाही.”

“का गं?”

“तुम्हाला वाटतं, लाल काढलं की दिवस काळा होतो. तो होत नाही हो. दिवसच नाहीसा होतो.”

“झालं सुरू! अगं, सगळे दिवस देवाचेच—”

“मग त्या दिवशी यंत्र का बंद असतं?”

मुलगी गेली त्या तारखेला तो छापखाना उघडायचा नाही. कुणाची आज्ञा नव्हती. दिवसभर खिडकीशी बसून राहायचा.

“पोर गेली तो दिवस पाळता,” ती हळू म्हणाली. “पाळाच. मी कधी अडवलं? पण ती उठेल असं जिथे गातात, तिथे मला एकटीला का धाडता?”

तो बराच वेळ नळाखाली नखांतली शाई घासत राहिला. शाई काही निघाली नाही. मग त्याने किल्ली खिळ्याला अडकवली, कपाटातला इस्त्रीचा शर्ट चढवला, दाराशी तिच्या चपला जोडीने सरळ करून ठेवल्या, आणि बाहेर पायरीवर तिची वाट पाहत उभा राहिला.