निर्मलाताईंनी खोडलेलं वाक्य

निर्मलाताई नटांना संवाद पाठ करायला देत नसत. आधी जेवायला बसवत. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं ठेवून म्हणत, "आता घास तोंडात असताना म्हण. म्हणता आलं तर वाक्य माणसाचं, अडकलं तर लेखकाचं." अडकलेलं वाक्य त्या तिथंच खोडत. मुंबईहून आलेला एखादा नट वैतागला, की त्याच्या ताटात आणखी चटणी वाढत.

ताई सांगोल्याकडच्या मेंढपाळ घरातल्या. लग्नानंतर सोलापुरात आल्या, हौशी नाटकं लिहिता लिहिता सिनेमाच्या संवादांकडं वळल्या. मी दिग्दर्शकाचा सहायक होतो. एरवी त्या शुद्ध बोलत, पण चिडल्या की गाव जिभेवर येई. "रडायला आलेला मानूस उपमा देत न्हाय," असं म्हणून त्यांनी माझं अख्खं पान परत केलं होतं.

त्या वर्षी आम्ही सांगोल्याजवळ शूटिंग करत होतो. डाळिंबाच्या बागेतल्या शेततळ्यात एका शेतकऱ्याची मुलगी बुडते, अशी गोष्ट. मुलीला बाहेर काढल्यावर आई तिच्याशी, ती झोपलीय असं समजून, एकच वाक्य बोलते. ते वाक्य म्हणताना नटीचा आवाज असा फुटला की कॅमेरामननं आणि बघायला जमलेल्या गावकऱ्यांनीही डोळे पुसले. ते वाक्य मी इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक माणूस बागेत शिरला. मागं गावातली दहा-पंधरा माणसं. "संवाद कुनी लिवलेत?"

ताई ताट बाजूला सारून उभ्या राहिल्या. "मी."

"ते आमच्या आक्काचं बोलनं हाय. तिची पोरगी गेली तवा तुमी तितं हुता. ऐकलं आनि इकलं, व्हय?"

ताईंचा चेहरा उतरला. त्याची आक्का, फुलाबाई, ताईंच्या नात्यातली. कुणीतरी लाइटचा स्टँड ढकलला. दिग्दर्शक पोलिसांना फोन लावू लागला, तेव्हा ताईंनी त्याचा हात धरला. "कुणाला बोलवू नका." मग त्या माणसाला म्हणाल्या, "मला आक्काकडं ने."

मीही सोबत गेलो. फुलाबाई गोठ्यासमोर शेळीला पाला टाकत होत्या. ताईंनी आडवळण न घेता सांगितलं, "तुझं वाक्य मी सिनेमात घातलं, आक्का. इचारलं न्हाय."

फुलाबाईंनी हातातला पाला खाली ठेवला. कितीतरी वेळ त्या शेळीच्याच पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते मी लोकांला म्हनलं न्हवतं. तिला म्हनलं हुतं."

"काढते," ताई म्हणाल्या.

बागेत परतल्यावर दिग्दर्शक ऐकेना. "वाक्याला मालक नसतो, ताई. अख्खा सिनेमा त्याच्यावर उभा आहे."

"मग बसू दे."

"कोर्टात टिकणार नाही त्यांचं."

"कोर्टात कोन चाललंय? ते वाक्य राहिलं तर माझं नाव काढा." त्या घरी निघून गेल्या. पुढं एडिटिंगला त्यांना बोलावलंही नाही. काय ठेवलं, काय काढलं, दिग्दर्शक मलाही सांगेना.

सोलापुरात पहिला खेळ लागला, तेव्हा ताई फुलाबाईंच्या भावाशेजारी बसल्या. त्यांनीच त्याला बोलावलं होतं. मी पलीकडच्या खुर्चीत. शेततळं पडद्यावर आलं आणि ताईंनी माझं मनगट पकडलं. मुलीला काठावर ठेवलं. आई धावत आली, गुडघ्यांवर बसली. भाऊ खुर्चीतून अर्धा उठला होता.

तेवढ्यात कॅमेरा आईच्या पाठीमागं गेला. तिची वाकलेली पाठ दिसत राहिली. बोलणं नाही, संगीतही नाही. प्रसंग संपला. भाऊ हळूच खाली बसला आणि त्यानं टोपी काढून तोंडावर धरली.

बाहेर एक ओळखीचे नाट्यसमीक्षक भेटले. म्हणाले, "सगळं छान, पण तो प्रसंग पडला हो. आई काहीच बोलत नाही?" ताईंनी ऐकून घेतलं. ते गेल्यावर थिएटरच्या पायरीवर बसत म्हणाल्या, "बरोबर हाय त्यांचं. तितं वाक्य पायजेच हुतं."

"मग दुसरं लिहायचं होतं की."

"लिवली की रे. लई लिवली. सगळी खोटी निघाली."

मागच्या हिवाळ्यात ताई गेल्या. सकाळी त्यांच्या घरी हॉलमध्ये माणसं दाटली होती. फुलाबाई भावासोबत आल्या आणि ताईंच्या उशाशी बसल्या. खाली वाकून, ताईंच्या कानाशी तोंड नेऊन त्या काही बोलू लागल्या. मी अगदी जवळ होतो. शब्द ऐकू यायला लागले होते.

मी उठून अंगणात गेलो.