शाळेच्या दप्तरी आधीच गेलेल्या आजी

कुसुमआजी आज सकाळी गेल्या.

शाळेच्या दप्तरी त्या तीन वर्षांपूर्वीच गेल्या होत्या.

त्यांचा मुलगा समीर टोरोंटोत माझा शेजारी. नागपूरला भाच्याचं लग्न होतं, मुलाची शाळा ऐन भरात. लांब रजा हवी म्हणून त्याने शाळेला कळवलं, "आई वारली."

रजेसाठी जिवंत माणसं मारायची आपली ही जुनी विद्या. कस्टम्सला ती कुणी डिक्लेअर करत नाही.

परतीच्या विमानात आजीही होत्या, कायमच्या इकडे राहायला.

नातवाला, अर्णवला, वर्गाने रंगवलेलं कार्ड मिळालं. 'सॉरी अबाउट युअर ग्रँडमा.'

पुढच्याच आठवड्यात त्याला आणायला आजी शाळेत गेल्या. टीचरने विचारलं, ही कोण?

"माय आजी," अर्णव म्हणाला. "द वन फ्रॉम नागपूर."

शाळेने समीरला बोलावलं. सबळ कारणाशिवाय मूल शाळेत आलं नाही, तर इथे आईबापांना कोर्टात उभं राहावं लागू शकतं.

समीर म्हणाला, "सांगू, वारली ती दुसरी आजी होती."

आजी म्हणाल्या, "एक मारलीस ते पुरे नाही का? आता विहीणबाईंनाही मारतोस?"

त्या स्वतः मीटिंगला गेल्या. दुभाषा मी.

कार्ड टेबलावर ठेवून म्हणाल्या, "यांना सांगा, मी मेले नाही. लग्नात मी नाचलेसुद्धा. खोटं माझा मुलगा बोलला. काय शिक्षा करायची ती त्याला करा. नातवाला कुणी खोटारडा म्हणायचं नाही."

हजेरी बघणाऱ्या बाईंनी मला हळूच विचारलं, "इज शी अपसेट?"

"नो. शी इज फ्रॉम नागपूर."

समीर मान खाली घालून बसला होता.

कायदा पोराला नाही, बापाला धरतो. तो तसाच असायला हवा, हे मी इथल्या मराठी मंडळाच्या व्यासपीठावरून किती वेळा गर्जून सांगितलंय. आजींनी ते पोटच्या मुलाला लावून दाखवलं.

समीरला सक्त ताकीद मिळाली. कोर्ट टळलं.

बाईंनी कार्ड काही परत घेतलं नाही. आजींनी ते फ्रिजवर लावलं.

"राहू दे. लागेल कधीतरी."

तेव्हापासून साडीवर जाडजूड पार्का-कोट चढवून आजीच अर्णवला शाळेत सोडायच्या. बर्फ असो, नसो.

आज समीरने शाळेला फोन लावला. त्याला बोलता येईना.

अर्णवने फोन घेतला. "माय आजी डाइड. फॉर रिअल."

तिकडून कुणी काही विचारलं नाही.

मग त्याने फ्रिजवरचं कार्ड काढलं आणि आजींच्या फोटोपुढे ठेवलं.

कुसुमआजी, तुम्हाला शेवटचा नमस्कार.