वकील कुणाचा?

वकिलाच्या कारकुनानं माझ्या बायकोचा अंगठा धरला. विचारलं नाय, सांगितलं नाय. बाजारात बैलाचं तोंड उघडून दात बघतात तसा धरला. शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर उमटवला. एक पान झालं की दुसरं. ती अवघडून वाकलेली. बाजूला खुर्ची रिकामी, पण बसा असं कुणी म्हणलं नव्हतं. समोर दादासाहेब बसले होते. आमची जागा ज्यांच्या नावावर आहे ते. चहा पीत होते. चहा आम्हाला नव्हता.

क्रांती चौकातलं ऑफिस. काचेचं दार, आत गार हवा. आम्हाला म्हणले, चपला बाहेर काढा. दादासाहेबांचे बूट पायातच होते.

मग माझी पाळी आली. कारकुनानं हात पुढं केला. मी म्हणलो, "मला सही येते."

वकील हसला. "अरे वा! मामा शिकलेले आहेत. पेन द्या रे त्यांना."

शिकलेला नाय मी. दुसरीत शाळा सुटली. पुढं सगळी उमर गुलमंडीत कापडाच्या गाठी वाहिल्या. गाठीवर दुकानदाराचं नाव असायचं. चुकीच्या दुकानात उतरवली की आईबापावरनं शिव्या. त्या शिव्यांनी मला अक्षरं शिकवली.

सहीच्या जागेवर एक ओळ होती. मी बोट ठेवून वाचायला लागलो. मोठ्यानं वाचल्याशिवाय मला वाचता येत नाय. "हे... खरेदीखत... आम्हांस... वाचून... दाखविले... ते... समजले..."

वकिलानं माझी नक्कल केली. "ख... रे... दी..." कारकून खिदळला. दादासाहेब कपात बघून हसले.

मी म्हणलो, "कधी दाखवलं?"

"काय?"

"इथं लिवलंय, वाचून दाखवलं. कधी दाखवलं?"

"मामा, ते सगळ्याच दस्तांत असतं. रीत आहे."

"मग वाचा."

त्यानं घड्याळ बघितलं. "तुला काय कळणार आहे त्यातलं? तुझ्या गल्लीतल्या सगळ्यांनी सह्या केल्या, एकानं तोंड उघडलं नाही. काय म्हणालास आडनाव तुझं?"

आडनाव त्याला ठाऊक होतं. दर पानावर त्यानंच टाइप करून घेतलं होतं. तरी विचारलं. मोठ्यानं विचारलं.

दादासाहेब म्हणले, "तुझ्या बापानं आमच्या वडिलांपुढं कधी मान वर केली नाही. आणि तू वकिलाला वाचायला लावतोस?"

खरं होतं ते. माझा बाप गंगापूरकडं त्यांच्या मळ्यात राबला. कागद पुढं आला की एवढंच विचारायचा, अंगठा कुठं लावू? काय लिहिलंय हेही विचारायचं असतं, हे त्याला कुणी कळूच दिलं नाय. मला ते त्या खोलीत कळलं. उभ्या उभ्या. या वयात.

मी पेन टेबलावर ठेवलं. "वाचल्याबिगर सही नाय." बायकोला म्हणलो, चल.

जागा म्हणजे दोन खोल्या आणि मोरी. दादासाहेबांच्या वडिलांकडून बाँडवर घेतलेली. म्हणजे स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलेली, सरकारदप्तरी नोंद नाय. सगळ्या गल्लीचं तसंच. पैसे कवाच फिटले, रजिस्ट्री कवाच झाली नाय. आता वस्ती कायदेशीर झाली, तर दादासाहेब म्हणले, रजिस्ट्री करून देतो, वकील माझा, फी तुमची. सगळे खूश. घरचाच वकील म्हणले. वेगळा केला तर दादासाहेबांना वाईट वाटंल. मीही तसंच म्हणलो होतो, खोटं कशाला बोलू? फी आपण भरायची आणि वकील समोरच्याचा. असा सौदा आम्हीच करावा.

चौकात बायको थांबली. अंगठा पदराला घाशीत होती. "घालवलं घर तुमच्या अकडीनं."

"अगं, वाचा म्हणलो फकस्त."

"माझा हात धरला तवा गप व्हता. सोताच्या हातावर आलं तवा बरा आवाज फुटला."

गाड्यांच्या गर्दीतून ती पुढं चालली, मी मागं.

घरात बसवेना. वकील शोधत फिरलो. एकानं विचारलं, उलट बाजूला कोण? दादासाहेबांचं नाव ऐकलं आणि म्हणला, आमच्या पाहुण्यातले आहेत, जमणार नाही. दुसरा म्हणला, तपासणी-बिपासणी कशाला, उद्याच्या उद्या करून देतो. एवढी घाई कुणाला, मला की त्याला? तिसऱ्यानं आधी आडनाव विचारलं, मग त्याला अचानक कोर्टात जायचं आठवलं.

चौथी वकील बाई निघाली. झेरॉक्सच्या दुकानावर अरुंद जिना, वर एक टेबल. या वेळी बायको माझ्याआधी आत गेली. खुर्चीवर बसली आणि विचारलं, "दादासाहेबांचं काम तुम्ही कधी केलं का?"

"नाही. तुमचं घेतलं तर त्यांचं घेणार नाही."

"दस्त वाचून दाखवणार का? मला पण?"

"दाखवीन. पण आधी सातबारा काढणार, मागचे फेरफार बघणार. जमीन कुणाकुणाची आहे ते कळल्याशिवाय नुसतं वाचून काय करायचं?"

"आन् फी?"

"आत्ताच सांगते. पावती देईन. मात्र कागदात वाईट निघालं तर वाईटच सांगणार, तेव्हा रडायचं नाही."

जिन्यात बायको म्हणली, "गोड बोलत नाय. बरी हाय."

वाईटच निघालं. सातबाऱ्यावर दादासाहेबांच्या दोन बहिणींची नावं होती. बापामागं त्याही वारस. आमच्या दस्तात त्यांचा पत्ता नव्हता. वकीलबाई म्हणली, "भाऊ स्वतःचा हिस्सा विकेल, बहिणींचा कसा विकेल? उद्या त्यांनी नाहीतर त्यांच्या पोरांनी दावा लावला तर तुमचं घर अडकलं."

मी म्हणलो, "गल्लीतल्यांनी सह्या केल्यात, त्यांचं काय?"

"त्यांचंही तेच."

मी घरोघर जाऊन सांगितलं. वाटलं होतं, लोक खवळतील. खवळले. माझ्यावर. शेषराव माझा जुना सोबती, एका गाठीला दोघांनी खांदा दिलेला. तो दारातच म्हणला, "म्हाताऱ्या, वकिली शिकला का आता? पोराचं बँकेचं लोन होत आलंय. तुझ्या तोंडापायी अडलं तर माझ्यासारखा वाईट नाय."

"आरं, पण बहिणी..."

"त्या आल्या का भांडायला? नाय ना? मग तुला कशाची खाज?"

चार दारं अशीच लागली. नळावर बायकोला कुणी पुढं घेईना.

मग दादासाहेब स्वतः आले. आमच्या दारात पहिल्यांदा. खाटेवर बसले. आवाज मऊ. "तू खरा हुशार निघालास. बहिणींच्या सह्या मी आणतो. तुझ्या दस्तापुरत्या. तुझा वकील, तुला पाहिजे तितकं वाचून घे. फक्त गल्लीत हा विषय बंद कर."

सांगतो, जीव हलला माझा. दोन सह्या आणि घर आपलं. आयुष्यात पहिल्यांदा पक्कं. मी बायकोकडं बघितलं. ती चुलीपाशी होती, माझ्याकडंच बघत होती. हो म्हण असं तिच्या डोळ्यात नव्हतं, नको असंही नव्हतं. तू काय करतोस ते बघते, असं होतं.

मी म्हणलो, "बाकीच्यांचं?"

"बाकीच्यांनी विचारलंय का?"

"मी इचारतोय."

दादासाहेब उठले. "मग बस तो बाँड चाटत. जागा खाली करायची नोटीस येईल."

येऊ द्या. वकीलबाईला सांगितलंय, आपली नोटीस आधी पाठवा. त्या दोन बहिणींनाही पाठवा. त्यांचं काय काय विकलं गेलं ते त्यांनाही कळू द्या. त्या आमच्यावर उलटल्या तरी उलटू द्या. बाई म्हणली, यात वर्षं जातील, हातचं घरही जाईल कदाचित. म्हणलं, व्हय, समजलं.

मला एकट्याला पक्कं घर नको. शेजाऱ्याच्या घराखालची जमीन पोकळ आहे हे माहीत असून, गप राहायच्या बोलीवर मिळालेलं छप्पर मला नको. सगळ्या गल्लीचे दस्त सरळ होत नाहीत तोवर माझा होणार नाय. गल्लीला पटो न पटो.

उद्या सकाळी परत शेषरावचं दार वाजवणार आहे. तो उघडणार नाय. मी वाजवत राहणार.