बोटांच्या बदल्यात ठरलेलं यंत्र

कंपनीने तिला फसवलं, आणि तिच्या तोंडून आम्हाला.

ती कामोठ्याला राहायची, मलेरियाच्या तपासणीसाठी रक्त गोळा करायची नोकरी करायची. तिची कंपनी तो आजार ओळखणारं एक छोटं यंत्र तयार करत होती. पट्टीवर रक्ताचा थेंब टाकला की चहा संपेपर्यंत निकाल. चाचणीसाठी त्यांना ताप आलेल्या माणसांचं रक्त हवं होतं, आणि पनवेलजवळ कोन गावातल्या बांधकामावर मी ठेकेदार, माझे मजूर दर पावसाळ्यात आडवे पडायचे. मी रक्ताचाही सौदा केला. "यंत्र जमलं की पहिलं इथे ठेवायचं," म्हटलं. तिच्या साहेबांनी फोनवर कबूल केलं, आणि तिने तोच शब्द मजुरांना दिला.

कुणालाही सुई टोचण्याआधी ती स्वतःचं बोट टोचून दाखवायची. संध्याकाळी टोचलेल्या बोटांनी तिला चहाचा ग्लास धड धरता येत नसे.

"अगो, तुजं रगत संपंल ना!" आमचं जेवण बनवणारी गावातली काकू ओरडायची.

"काकू, मी घाबरले तर हे पळून जातील."

यंत्र जमलं. मोठमोठ्या हॉस्पिटलांत गेलं, कोनला आलं नाही. भांडून तिने नोकरी सोडली आणि ते सांगायला एकटीच साइटवर आली. माझा आवाज चढला तशी काकू मध्ये पडली. "तिला नको बोलू. सुया तिनं बी खाल्ल्या हायेत."

ती मात्र एकेका मजुरापुढे हात जोडत गेली.

माझा माणूस आजही अंगात ताप घेऊन रिपोर्टसाठी पनवेलला रांगेत बसतो. तिची माफी मला नकोच होती. कबूल करणाऱ्या साहेबांनी कोनला यावं. त्यांना म्हणावं, टोचायला बोट पुढे करू नका. शब्द का मोडलात, तेवढं या माणसांसमोर सांगा.