बॅटरीच्या उजेडातलं बारसं

आमच्या घरातला मॉनिटर माझा. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, असलं सगळं मी त्याच्यावर टाइप करते आणि जवळा बाजारच्या छापखान्याला पाठवते. पण आमच्या घरात कुणालाही विचारा, हा मॉनिटर कुणाचा? मामांचा. मामा म्हणजे माझे सासरे. संध्याकाळ झाली की मला खुर्चीवरून उठवतात, धोतर सावरून समोर बसतात आणि म्हणतात, "लाव गं माय पोरीला." की झालं, माझं काम गेलं चुलीत.

ही पोरगी म्हणजे माझी नणंद, पुण्याला दिलेली. सासूबाई गेल्या त्याच सुमारास मामांचे कान गेले. कानाला लावायचं मशीन आणून पाहिलं, ते शिट्ट्या मारतं म्हणून मामांनी ते देवळीत ठेवून दिलं. आता समोरच्याच्या ओठांकडे बघून त्यांना सगळं बराबर कळतं. मी पाठमोरी होऊन कितीही बडबड केली तरी चालतं, पण त्यांच्याकडं तोंड करून केली की पकडतात. जन्म गेला मेंढरांमागं, त्यामुळं अक्षराशी गाठ कधी पडली नाही. म्हणजे लिहून दाखवायचीही सोय नाही. आणि मोबाईलवर नणंदबाईंचं तोंड करडईच्या दाण्याएवढं दिसतं, त्यातले ओठ काय दिसणार कपाळ! माझ्या मॉनिटरवर मात्र तीच ताटाएवढी दिसते. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

नणंदबाईंना मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं, मी डिंकसुद्धा आणून ठेवला होता. पण डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केली आणि सगळं पुण्यालाच झालं. बारसंही तिकडंच. नेमक्या मेंढ्या विऊन राहिल्या होत्या, त्यामुळं बाप-लेकाला गाव सोडता येईना. मी गेले असते, पण मग मामांना कॉल कोण लावून देणार? नणंदबाई पडद्यावरून मला बजावून म्हणाल्या, "वहिनी, नाव मी आबांना सोताच्या तोंडानं सांगणार हाय. तुमी आन दादानं मधी बोलायचं न्हाई. त्यांनी माझ्या तोंडावरून वाचायचं."

मामांनी हे वाचलं आणि इतके खूश झाले की मेंढराकडं जातानाही गाणं म्हणत गेले. बेसूर, पण मोठ्यानं.

आणि त्याच आठवड्यात मॉनिटरनं मान टाकली.

मी स्वयंपाकघरात होते. मामा धावत आले, "पोरगी गेली गं!" म्हणाले. माझ्या हातातली पळी खाली पडली. जाऊन बघते तर पडदा काळा. पण स्पीकरमधून नणंदबाईंचा आवाज चालूच, "आबा, ऐकू येऊन राहिलं का? आबा?" मला ऐकू येत होतं, आणि ज्यांना हाक मारत होती ते काळ्या काचेकडं बघत उभे. ते बघून मला इतकं वाईट वाटलं की मी आधी कुणावर तरी ओरडले. बहुतेक आमच्या ह्यांच्यावरच.

मी बटन बंद करून परत लावलं. चित्र आलं, डोळा मिटायच्या आत गेलं. हिरवा दिवा मात्र सुरूच. तेवढ्यात मामांनी खुंटीवरची बॅटरी काढली. रात्री कोकरू चुकलं की झुडपात मारतात तीच. ती तिरपी धरून त्यांनी काचेवर उजेड टाकला, बिळात ससा बघावा तसे वाकले आणि ओरडले, "हाय की! आतच हाय!" मी वाकून पाहिलं. खरंच होती. काजळी धरलेल्या काचेतून दिसावी तशी नणंदबाई, केस सोडलेली, मांडीवर बाळ.

मग माझ्या ध्यानात आलं. चित्र येतंय, म्हणजे पडदा शाबूत आहे. गेलाय तो पडद्यामागचा दिवा, नाहीतर त्याला वीज देणारी पट्टी.

आमचे हे दारातून म्हणाले, "फेकून दे, नवीन आणू." उंटावरून शेळ्या हाकायची सवय आहे त्यांना, खऱ्या शेळ्या-मेंढ्या घरात असूनसुद्धा. मी म्हणाले, नवीन यायला आठ दिवस लागतील, आणि तोवर नात आपलं नाव सोताच सांगायला लागेल.

दुसऱ्या दिवशी मॉनिटरची वायर काढून बराच वेळ तसाच ठेवला, कारण आत वीज साठून राहते आणि झटका बसतो. मग मागचं झाकण उघडलं. बघते तर आत लोकर! काळी, बारीक, जाळ्याजाळ्यांत अडकलेली. मी कपाळावर हात मारला. मामा रोज मॉनिटरवर घोंगडी पांघरायचे. मला माहीत होतं, पण मला वाटायचं की तो बंद केल्यावर. तर नाही! मामा तो बंदच करायचे नाहीत. नुसती घोंगडी टाकायची, आत तो आपला दिवसभर उकडतोय. आतल्या पट्टीवरचे छोटे डबे, कपॅसिटर म्हणतात त्यांना, त्यांची डोकी भाकरीसारखी फुगलेली.

"मामा, चालू मॉनिटरवर घोंगडी काहून?" मी विचारलं, ओठ चांगले ताणून.

"लेक दिसती त्याच्यात," मामा म्हणाले. "धूळ बसू द्यावी का?"

"मग बंद तरी करायचा!"

"आन तिनं मधीच यायचं म्हनलं तर? आपनच दार लावून बसावं का?"

आता अशा माणसावर रागवायचं कसं, सांगा. मी रागवायला तोंड उघडलं होतं, तसंच मिटलं. घोंगडी घडी करून मामांच्या हातात दिली आणि सांगितलं, ही तुमच्या अंगावर घ्या, त्याला थंडी वाजत नाही.

बाजाराच्या दिवशी जवळ्याला जाऊन टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून तसेच कपॅसिटर आणले. सोल्डरिंग मला येतं, मुलांचे चार्जर जोडून जोडून शिकले. जुने काढले, नव्यांची पट्ट्याची, म्हणजे उणे टोकाची, बाजू नीट बघून बसवले, डाग दिले, ब्रशनं लोकर झाडली. बटन दाबलं आणि पडदा लख्ख! मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. एवढा मान मला लग्नातसुद्धा मिळाला नव्हता. पडदा सुरुवातीला जरा लालसर दिसायचा, पण तो आधीपासूनच दिसायचा. मामा नणंदबाईंना विचारायचे सुद्धा, उन्हात फिरतीस का म्हणून. ती आतली दिव्याची नळी म्हातारी झाल्याची खूण होती, हे मला फार मागाहून कळलं. हे म्हणाले, "बारशापुरता दोस्ताचा आणून ठेवू का?" मी म्हणाले, काही गरज न्हाई, मी सोता केलाय.

बारशाच्या दिवशी मामा नवा पटका बांधून समोर बसले. तिकडं पाळणा सजलेला, बायकांची ही गर्दी. मामा एकेकीला ओळखून सांगत होते, ही व्याहीण, ही जावयाची बहीण. बाळाला पाळण्यात घातलं. आत्या कानाशी वाकली. आणि पडदा गेला.

मी बटन दाबलं, वायर काढली, परत लावली. चित्र येई, लगेच जाई. मागं उभे राहून हे म्हणाले, "म्हनलं व्हतं ना." त्या घटकेला मी त्यांना काय म्हणाले ते इथं लिहीत नाही. स्पीकरमधून आत्याच्या पाठीवर पडणारे धपाटे ऐकू येत होते, हसणं ऐकू येत होतं. मग जवळून नणंदबाईंचा आवाज आला, "आबा, दिसून राहिली का मी?"

मामांनी बॅटरी कधी काढली मला कळलंच नाही. काचेला नाक लागेल इतके पुढं झाले होते. मी नणंदबाईंना थांबा म्हणणार, तेवढ्यात मामांनी हातानंच मला गप्प केलं.

नणंदबाईंनी नाव सांगितलं.

आम्ही दोघांनी ऐकलं. ते माझ्या सासूबाईंचं नाव होतं. ह्यांनी एकदम भिंतीकडं तोंड केलं. माझेही डोळे भरून आले, कारण माझी सासू बोलायला तिखट होती, पण माझ्या दोन्ही बाळंतपणांत रात्र-रात्र उशाशी बसली होती.

मामा गप्प. बॅटरी तशीच धरलेली.

"आबा, दिसलं का? काय नाव ठेवलं?" ह्यांनी त्यांचा खांदा हलवला. मामा गप्पच. नणंदबाईंनी परत सांगितलं, सावकाश. तरी गप्प. आता मला रडूच फुटलं. मेल्या मॉनिटरा, एवढं एक काम होतं तुझं! एका माणसाला एक शब्द दाखवायचा होता!

मग मी पडदा सोडून मामांच्या तोंडाकडं पाहिलं. ते खाली मान घालून हसत होते. म्हातारपणी कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

आणि मला उमगलं. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पण आमच्याकडं मामांच्या पिढीतला पुरुषही बायकोचं नाव घेत नाही. जन्मभर "अगं ए" म्हणून हाक मारली, फार तर "पोराची माय". दहाव्याला भटजींनी नाव विचारलं, तेव्हाही मामांनी लेकाकडं पाहिलं होतं.

"ताई, त्यांना दिसलंय," मी म्हणाले. "पण ते घेतील कसं ते नाव?"

बॅटरीच्या उजेडात नणंदबाईंनी बाळ छातीशी धरून पुढं केलं आणि एकेक शब्द तोडून म्हणाल्या, "आबा, हे आता हिचं नाव हाय. आजानं हाक नको का मारायला?"

मामांनी ते वाचलं. पटका सारखा केला, घसा खाकरला. आणि हाक मारली. बहिऱ्या माणसाचा आवाज, त्याला माप नसतं. आमच्या आळीत ते नाव दाणकन घुमलं.

शेजारची म्हातारी, माझ्या सासूबाईंची जन्माची मैत्रीण, पीठ लागलेल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. "कोनाला हाक मारून राहिलाव, दादा?"

"नातीला," मामा म्हणाले. आणि काही गरज नसताना त्यांनी ते नाव आणखी एकदा घेतलं.